दोन विमानं म्हणजे किती?

ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यूझीलंडचे तेव्हाचे पंतप्रधान जॉन की मुंबईला येणार होते. आले नाहीत. त्यांचं हवाई दलाचं बोइंग ७५७ वाटेत ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलला उतरलं आणि तिथंच बसलं. सोबत व्यापारी शिष्टमंडळ, पत्रकार, अधिकारी, सगळा लवाजमा. मायदेशातून दुसरं ७५७ मागवावं लागलं. ते येईपर्यंत मुंबईच्या भेटीगाठींची वेळ टळून गेली होती, तेव्हा मुंबई गाळून मंडळी थेट दिल्लीला गेली.

न्यूझीलंडच्या हवाई दलाकडे ७५७ दोनच. म्हणजे त्या दिवशी एक बिघडलेलं आणि दुसरं त्याच्या मदतीला धावलेलं. तिसऱ्या कुणाला गरज पडली असती तर त्यानं काय करायचं, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. जून २०२४ मध्ये पंतप्रधान लक्सन जपानला निघाले, तेव्हा त्यांचं ७५७ पापुआ न्यू गिनीत, पोर्ट मोर्सबीला अडलं. ते नेहमीच्या प्रवासी विमानानं पुढे गेले. पुढच्या वर्षी चीनला जाताना खबरदारी म्हणून दुसरं ७५७ मनिलापर्यंत मागोमाग नेलं, त्यावर न्यूझीलंडच्या पेपरांनी भरपूर टीका केली. मला मात्र त्यात निदान प्रामाणिकपणा दिसला. आपल्याकडे एकच विमान आहे, असं धरून चाललं की मगच ते वेळेवर पोचतं.

मी ऑकलंडच्या वायव्य टोकाला, हॉब्सनव्हिलला राहतो. फेनुआपाईचा तळ इथून जवळच आहे. वाहतुकीची विमानं चालवणारं ४० नंबरचं स्क्वाड्रन तिथलंच. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या खिडकीची तावदानं थरथरली की हर्क्युलिस, म्हणजे त्यांचं मालवाहू विमान, आलं हे न बघता कळतं. अप्पा संगमनेरहून व्हिडिओ कॉलवर असले आणि मागून तो आवाज आला, की विचारतात, "काय रे, कुठलं?" अप्पांचं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं. यंत्र कुठलंही असो, त्यांना त्यात रस असतो.

जॉन की मुंबईला का पोचले नाहीत, ते मी त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "दोन गाड्यांचा डेपो नसतो रे. एक वर्कशॉपला असणारच. उरलेली एक मार्गावर. ती वाटेत बसली की फेरी रद्द."

"अहो पण अप्पा, नवी घेतली तर?"

"नवी घ्या नाहीतर जुनी घ्या. स्पेअर किती ठेवणार ते सांग."

छोट्या देशांनी मोठी लष्करी मालवाहू विमानं घ्यावीत का, या विषयावर मी बरंच वाचलंय. किती टन उचलतं, किती लांब जातं, किती छोट्या धावपट्टीवर उतरतं, याची कोष्टकं त्यात भरपूर असतात. अप्पांचा प्रश्न त्या कोष्टकांत नसतो. न्यूझीलंडची गोष्ट या एका प्रश्नाभोवती फिरते, असं मला वाटतं.

देश जेमतेम ५३ लाखांचा, मुंबईच्या निम्माही नाही. रणगाडे नाहीत. लढाऊ विमानांची तुकडी २००१ मध्ये मोडीत काढली. त्यामुळे इथल्या हवाई दलाचा कणा म्हणजे वाहतूक आणि समुद्रावरची टेहळणी. यातलं वाहतुकीचं ओझं पाच हर्क्युलिसनी वाहिलं. पहिली तीन १९६५ मध्ये आली, आणखी दोन १९६९ मध्ये, आणि शेवटची निवृत्त झाली जानेवारी २०२५ मध्ये. जवळजवळ साठ वर्षं! ती बदलायची कधी आणि कशानं, यावर दोन दशकं नुसता काथ्याकूट चालला होता, आणि त्याच काळात एकदा हा देश सी-१७ च्या फार जवळ पोचला.

सी-१७ ग्लोबमास्टर. सुमारे ७७ टन वजन उचलणारं, चार जेट इंजिनांचं अजस्र विमान. नव्या लांबोडक्या हर्क्युलिसची ताकद वीस टनांच्या आसपास, म्हणजे एका सी-१७ मध्ये जवळजवळ चार हर्क्युलिसचा माल. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा बोइंगचा कारखाना बंद होत होता. गिऱ्हाईक नसतानाच बनवलेली काही विमानं तिथं शिल्लक होती. न्यूझीलंड सरकारनं त्यातल्या दोनांवर डोळा ठेवला. पण मंत्रिमंडळ, अर्थखातं आणि संरक्षणखातं यांचं एकमत होईस्तोवर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, कतार, अमिरात यांनी ती उचलली. शेवटी उरलेलं एक भारतानं घेतलं. भारताला आणखी हवी होती, पण बाजारात उरलंच होतं एक. २०१९ मध्ये ते आलं आणि भारताची सी-१७ अकरा झाली.

इथल्या बऱ्याच जणांना आजही ती संधी गेल्याची हळहळ वाटते. ती का वाटते, हे कळायला क्राइस्टचर्चच्या विमानतळावर ऑक्टोबरच्या सुमारास जायला हवं. मी कामानिमित्त जातो तेव्हा टॅक्सीच्या काचेतून अमेरिकन हवाई दलाचं सी-१७ उभं असलेलं कधीकधी दिसतं. शेपूट पाच मजली घराएवढं. मागचा उतार जमिनीला टेकलेला, त्यावरून फोर्कलिफ्ट सरळ आत जातेय, आणि आत गेल्यावर ती खेळण्यातली वाटते. हे विमान निघतं अंटार्क्टिकाला. तिथल्या रॉस बेटावर अमेरिकेचं मॅकमर्डो आणि त्याच्या शेजारी, तीनेक किलोमीटरवर, न्यूझीलंडचा स्कॉट तळ. अंतर ३,८०० किलोमीटर, आणि वाटेत उतरायला एकही जागा नाही. सी-१७ ला तिथं पोचायला पाच तास लागतात, जुन्या हर्क्युलिसला आठच्या आसपास.

या वाटेवर वैमानिकांच्या तोंडी एक शब्द सारखा असतो, पॉइंट ऑफ सेफ रिटर्न. या बिंदूच्या अलीकडे असाल तर टाकीतल्या इंधनावर क्राइस्टचर्चला परत फिरता येतं. पलीकडे गेलात की पुढेच जायचं, हवा कशीही असो. म्हणून त्या बिंदूला पोचण्याआधी मॅकमर्डोचा ताजा हवामान अंदाज घेतात, शंका आली की वळतात. सात-आठ तास उडून पुन्हा क्राइस्टचर्चलाच उतरलेल्या अशा फेरीला इथं बूमरँग म्हणतात. ७ ऑक्टोबर २०१३ रोजी यातल्याच एका ७५७ नं तो बिंदू ओलांडला. अंदाज चांगला होता. पण पुढे गेल्यावर बर्फावरच्या धावपट्टीवर धुकं उतरलं. शंभराहून जास्त माणसं आत, मागे फिरण्याइतकं इंधन नाही, दुसरा विमानतळ नाही. वैमानिकांनी घिरट्या घातल्या, उतरायचा प्रयत्न केला, पुन्हा वर गेले, धुकं विरळ होण्याची वाट पाहिली, आणि शेवटी नियमात बसत नाही इतक्या कमी दृश्यमानतेत विमान उतरवलं. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. अपघात चौकशी आयोगाचा अहवाल मी रात्री वाचत बसलो होतो. भाषा अगदी कोरडी, आणि तरी हाताला घाम सुटला.

सी-१७ मध्ये इंधन इतकं मावतं की परतीचा तो बिंदू मॅकमर्डोच्या बराच जवळ सरकतो. धुकं दिसलं तर अगदी शेवटी शेवटीही माघार घेता येते. अंटार्क्टिकापुरतं बोलायचं तर मोठ्या विमानाच्या बाजूनं यापेक्षा भक्कम मुद्दा माझ्याकडे नाही. आणखी एक मुद्दा हेलिकॉप्टरचा. इथल्या हवाई दलाचं एनएच-९० हर्क्युलिसच्या पोटात जात नाही, सी-१७ च्या पोटात जातं. फेब्रुवारी २०१६ मध्ये फिजीवर विन्स्टन वादळ आदळलं तेव्हा ही हेलिकॉप्टरं नौदलाच्या कँटरबरी जहाजावरून न्यावी लागली. जहाज जातं आपल्या गतीनं.

एवढं असूनही मला वाटतं, ती दोन विमानं हुकली हे बरंच झालं.

पाच विमानांचा हिशेब साधारण असा असतो. एक मोठ्या दुरुस्तीला, महिनोन् महिने उघडलेलं. एक नेहमीच्या देखभालीत. एकावर नवे वैमानिक शिकतायत. उरली दोन. मध्यरात्री फोन आला तर यातलं एक सकाळी निघतं, आणि ते वाटेत बसलं तर दुसरं जातं. दोन सी-१७ असती तर? एक देखभालीला. दुसरं शिकाऊ वैमानिकांना द्यायचं की तयार ठेवायचं? सी-१७ ला दोन वैमानिक आणि माल चढवणं-उतरवणं सांभाळणारा एक लोडमास्टर पुरतो, हे जाहिरातीत छान दिसतं, पण रात्रंदिवस निघता यावं म्हणून अशा कितीतरी जोड्या तयार ठेवाव्या लागतात आणि त्या प्रत्येकाला उडण्याचे तास लागतात. ते तास येणार त्याच एका विमानातून. नवं असो नाहीतर जुनं, ७५७ चं रडगाणंच मोठ्या आवाजात ऐकू आलं असतं.

दुसरी गोष्ट धावपट्ट्यांची. न्यूझीलंडचं वाहतूक दल वर्षभर ज्यांच्यासाठी धावतं ते टोंगा, फिजी, सामोआ, वानुआतू, नियुए हे पॅसिफिकमधले शेजारी. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळचा समुद्रातला ज्वालामुखी फुटला. बाहेरच्या जगाशी जोडणारी समुद्राखालची केबल तुटली, देश मुका झाला. फुआमोटूच्या विमानतळावर राखेचा थर बसला. जेट इंजिनात राख गेली तर काय होतं हे सांगायला नको. त्यामुळे मदत भरून विमानं तयार, आणि धावपट्टी बंद. टोंगाची माणसं फावडी, झाडू आणि हातगाड्या घेऊन धावपट्टीवर उतरली. ते फोटो पाहिल्याचं आठवतं: तोंडावर मास्क, पाय घोट्यापर्यंत करड्या भुकटीत, आणि मागे क्षितिजापर्यंत गेलेला तो पट्टा, जो हातानं झाडून काढायचा होता. काढलाही. २० जानेवारीला न्यूझीलंडचं हर्क्युलिस उतरलं. पाण्याचे डबे, तात्पुरत्या निवाऱ्याचं सामान, जनरेटर, संपर्काची साधनं. टोंगामध्ये तोवर कोविड पसरला नव्हता, म्हणून विमानातल्यांनी गावकऱ्यांना शिवायचंही नाही, माल ठेवायचा आणि दीड तासाच्या आत निघायचं, असं ठरलेलं.

त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाचं सी-१७ सुद्धा उतरलं. त्यात राख झाडायचं यंत्र होतं. म्हणजे अवजड यंत्र आणायला मोठंच विमान लागलं, हे कबूल. पण त्याला उतरता यावं म्हणून धावपट्टी आधी माणसांनी हातानं झाडली होती. आणि पिण्याच्या पाण्याचा खरा प्रश्न सोडवला तो जहाजांनी. न्यूझीलंडच्या आओतेआरोआ जहाजात अडीच लाख लिटर पाणी होतं आणि समुद्राचं पाणी गोडं करायची सोयही होती. तेवढं पाणी विमानानं न्यायचं म्हटलं तर सी-१७ च्याही चार फेऱ्या लागतात.

काठमांडूचं उदाहरण आपल्याला जवळचं. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर जगभरातून मदत आली आणि ती सगळी एकाच धावपट्टीवर. आठवड्याभरात ती खचायला लागली, तेव्हा १९६ टनांहून जड विमानांना बंदी घालावी लागली. पूर्ण भरलेलं सी-१७ २६५ टनांपर्यंत जातं. आणि न्यूझीलंडच्याच अखत्यारीतल्या तोकेलाऊला तर विमानतळच नाही, सामोआहून बोटीनंच जायचं. तिथं कुठलंच विमान कामाचं नाही.

इथवर माझा युक्तिवाद मला पटतो. पण एक मोठी अडचण आहे, आणि ती लपवणं बरोबर नाही. ब्रिस्बेनजवळच्या अँबर्लीला ऑस्ट्रेलियाची आठ सी-१७ आहेत. ऑकलंडहून तीन-साडेतीन तासांवर. सी-१७ वापरणाऱ्या देशांचे सुटे भाग, दुरुस्ती, तांत्रिक मदत हे सगळं एका सामायिक व्यवस्थेतून चालतं. कुवेतकडे सी-१७ दोनच आहेत आणि त्यांचं चाललंय. मग न्यूझीलंडची दोन ही खरं तर दहातली दोन झाली असती. प्रशिक्षण अँबर्लीत, मोठी दुरुस्ती अँबर्लीत, अडीनडीला तिथलंच तिसरं. अप्पांच्या भाषेत, शेजारच्या डेपोची स्पेअर.

म्हणजे मोठं विमान छोट्या देशाला परवडू शकतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या मोठ्या ताफ्याचा भाग होऊन. आणि एकदा हे मान्य केलं की पुढचा प्रश्न येतोच: मग अख्खं विमान विकत कशाला घ्यायचं?

हंगेरीत पापा नावाच्या गावी एक हवाई तळ आहे. तिथं तीन सी-१७ आहेत आणि ती बारा देशांची मिळून आहेत. २००८ मध्ये करार झाला, पुढच्या वर्षी विमानं आली. वर्षाचे एकूण ३,१६५ उड्डाणतास वाटून घेतलेत. अमेरिकेचे १,०००, स्वीडनचे ५५०, नेदरलँड्सचे ५००, आणि खाली खाली येत लिथुआनिया आणि एस्टोनिया, प्रत्येकी ४५ तास. एस्टोनियाची लोकसंख्या तेरा-चौदा लाख. वर्षाला पंचेचाळीस तास! म्हणजे लांबच्या चार-पाच फेऱ्या. त्या देशाला लागतात तेवढ्याच. वैमानिक सगळ्या देशांचे मिळून, देखभालीची डोकेदुखी एकत्र, आणि तीनातलं एक उघडं पडलं तरी दोन उभी. मला ही रचना फार आवडते. यात कुणाचा झेंडा शेपटावर रंगवायचा हा वाद नाही. नोंदणी हंगेरीची, बस.

यावर इथं हमखास येणारा आक्षेप म्हणजे, दुसऱ्याच्या विमानावर विसंबलो आणि त्यानं ऐनवेळी नाही म्हटलं तर? आक्षेप खोटा नाही, आणि न्यूझीलंडइतका त्याचा अनुभव फार थोड्यांना असेल. अण्वस्त्रं असलेली जहाजं बंदरात येऊ देणार नाही, असं ठणकावल्यावर १९८६ मध्ये अमेरिकेनं या देशाला दिलेली संरक्षणाची हमी स्थगित केली. मित्र म्हणायचे ते नुसते ओळखीचे झाले. गंमत अशी, की त्या सगळ्या अबोल्याच्या वर्षांतही अमेरिकन विमानं क्राइस्टचर्चला येत राहिली आणि तिथून अंटार्क्टिकाला जात राहिली. बर्फावरचं काम दोघांनाही हवं होतं. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवच्या राजधानीचा, मालेचा, पाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प आगीत बंद पडला, तेव्हा भारताची सी-१७ आणि आयएल-७६ विमानं पिण्याचं पाणी घेऊन गेली. वादळ, भूकंप, पाणी, बर्फ यासाठी शेजारी नाही म्हणत नाही. नाही म्हणणं त्यालाच महागात पडतं.

नाही म्हटलं जाण्याची भीती असते ती वेगळ्या वेळी, आपली माणसं कुठंतरी अडकलेली असताना. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलहून सगळेच आपापल्या माणसांना काढत होते, प्रत्येक विमानातली प्रत्येक जागा भांडून मिळत होती. तिथं न्यूझीलंडनं स्वतःचं हर्क्युलिस पाठवलं. जुनं, साठीला टेकलेल्या जातकुळीचं, आवाज करणारं, पण स्वतःचं. मे २०२४ मध्ये न्यू कॅलेडोनियात दंगल पेटली तेव्हाही नूमेआहून लोकांना आणायला आपलंच विमान होतं. या कामांना ७७ टनांची गरज नव्हती. सकाळी निघू शकेल असं विमान हवं होतं.

म्हणून २०२० मध्ये इथल्या सरकारनं पाच नव्या हर्क्युलिसची ऑर्डर दिली, सिम्युलेटरसकट दीड अब्ज न्यूझीलंड डॉलरहून थोडं जास्त, तेव्हा मला ते रटाळ आणि शहाणपणाचं वाटलं. २०२४ अखेर पाचही आली. आवाज थोडा कमी आहे. तावदानं अजून थरथरतात.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालं की ७५७ च्या जागी एअरबस ए-३२१ एक्सएलआर येणार. किती? दोन! वाचून मी कपाळाला हात लावला. आता याच्या बाजूनं बोलायचं तर ए-३२१ जगभर हजारोंनी उडतंय, एअर न्यूझीलंडकडेही त्याच घराण्यातली विमानं आहेत. बिघाड झाला तर भाग आणि मेकॅनिक बहुतेक विमानतळांवर सापडतील. ७५७ चं तसं नव्हतं, त्याचं उत्पादन बंद होऊन वीस वर्षं झाली. त्यामुळे ही दोन ती दोन नव्हेत, हे मान्य. पण हे प्रवासी विमान आहे. मागे उतार नाही. बेटावर उतरल्यावर त्यातून जनरेटर काढायचा कसा? जाहीर किंमत सुमारे ७० कोटी न्यूझीलंड डॉलर. पाच हर्क्युलिसच्या व्यवहाराचा भागाकार केला तर त्यात आणखी दोन हर्क्युलिस बसतात, म्हणजे पाचाची सात. मंत्र्यांना हर्क्युलिसच्या जाळीच्या सीटवर कानात बोळे घालून दिल्लीला पाठवा असं मी म्हणत नाही. त्यांच्यासाठी तिकिटं काढता येतात.

उरला अवजड मालाचा आणि हेलिकॉप्टरचा प्रश्न. त्यासाठी कॅनबेराशी, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सरकारशी, पापासारखा तासांचा करार करावा, असं माझं म्हणणं. वर्षाला साठ-सत्तर तास विकत घ्यावेत, बदल्यात काही लोडमास्टर आणि वैमानिक अँबर्लीला द्यावेत. घासाघीस करायची ती वादळांच्या मोसमावर. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर आणि फिजीत एकाच आठवड्यात वादळ आलं, तर त्या आठमधलं उडण्याजोगं विमान आधी कुठं जाणार? ऑस्ट्रेलियाचं उत्तर काय असेल ते उघड आहे, आणि ते चुकीचंही नाही. पण मग आपल्या वाट्याचे तास किती दिवसांनी मिळणार, तो आकडा करारात आधीच लिहिलेला असला पाहिजे. तो जर पाच दिवसांहून मोठा निघाला, तर ते तास घेऊ नयेत आणि त्या पैशात कँटरबरीसारखं दुसरं जहाज घ्यावं.